सिंहस्थाला आई-अण्णांना न्यायचं, पण कोणत्या दिवशी?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही पुण्यात नोकरीला, आई-अण्णा गंगाखेडजवळच्या गावी. अण्णा ७२ वर्षांचे, गुडघे गेलेले, काठी लागते. आई ६६च्या, शुगर आणि बीपीच्या गोळ्या चालू. नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्यात २ ऑगस्ट २०२७चं पहिलंच स्नान करायचं, असं अण्णांनी धरून ठेवलंय. आई म्हणतात, ‘तुम्ही ठरवाल तसं.’ तुमचं विचारणं असं, की न्यावं की नाही, आणि नेलं तर तुम्हा एकट्याला झेपेल का.

मी आणि माझे यजमान परभणीहून वयस्कर मंडळींच्या यात्रा काढतो. पंढरपूर, तुळजापूर, पैठणची नाथषष्ठी, काशी, आणि २०१५चा नाशिकचा सिंहस्थही. बायकांचं सगळं माझ्याकडे असतं : गोळ्या, कपडे, बाथरूम, रुसवेफुगवे. त्यामुळे मी जे सांगेन ते या अनुभवातून. मी डॉक्टर नाही. आईंच्या गोळ्यांचं आणि अण्णांच्या गुडघ्यांचं शेवटचं मत तुमच्या डॉक्टरांचं.

आधी एक स्पष्ट सांगते. न्यावं की नाही, हा प्रश्नच नाही. न्या. या वयात गंगेवर (आपण गोदावरीलाच गंगा म्हणतो) जायची इच्छा झालीय आणि लेक न्यायला तयार आहे, तर घरी बसवू नका. खरा प्रश्न वेगळा आहे : नेमकं काय घडलं म्हणजे तुमच्या आई-वडिलांची यात्रा ‘झाली’, हे तुमच्या घरात अजून कुणी कुणाला विचारलेलं नाही. ते ठरलं नसलं की माणूस रामकुंडाच्या, म्हणजे नाशिकच्या मुख्य स्नानकुंडाच्या, अलीकडे दोनशे पावलांवर गर्दीत अडकतो आणि मागे फिरू शकत नाही. कारण मागे फिरलं तर सगळं वाया गेलं, असं वाटतं. मी पाहिलेली म्हाताऱ्या माणसांची बहुतेक हालअपेष्टा त्या दोनशे पावलांतली आहे.

आपल्याकडे याला परंपरेतच वाट आहे. आषाढीला पंढरपुरात लाखो माणसं येतात आणि त्यातली कितीतरी चंद्रभागेत स्नान करून, कळसाला हात जोडून परत फिरतात. त्यांची वारी अपुरी राहिली असं कुणी म्हणत नाही. सिंहस्थाबद्दलही आपण मानतो, की या काळात सगळी तीर्थं गोदावरीला येतात. गोदावरीला म्हणजे नुसत्या रामकुंडाला नव्हे. तुमच्या गंगाखेडच्या घाटाखालून वाहते तीही तीच गंगा. हे अण्णांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार, फक्त कुणीतरी शांतपणे त्यांच्यासमोर मांडायला हवं.

म्हणून पहिलं काम : दोघांना वेगवेगळं विचारा. एकत्र विचारलंत तर आई अण्णांचंच उत्तर देतील. अण्णांना विचारा, तुम्हाला ती तिथी हवी आहे, की नाशिकचं क्षेत्र हवं आहे, की साधूंची मिरवणूक डोळ्यांनी बघायची आहे? की वडिलांच्या नावाने काही करायचं राहून गेलंय? या चारही गोष्टींची व्यवस्था वेगळी. मिरवणूक बघायची असेल तर स्नानाच्या दिवशी शहरात असावंच लागतं, पण नदीवर जावं लागत नाही. क्षेत्र हवं असेल तर त्या दिवशी जायची गरजच नाही. पितरांचं काही असेल तर तो विधी कधी होतो, ते आधी तिथल्या गुरुजींना विचारावं लागेल, कारण गर्दीच्या दिवशी विधीला ना जागा मिळते ना वेळ.

आईंना मात्र तुम्ही विचारू नका. बहिणीला किंवा बायकोला विचारू द्या, स्वयंपाकघरात, हातातलं काम चालू असताना. एका यात्रेत सेलूकडच्या एक मावशी होत्या. घरातल्यांनी त्यांच्यासाठी त्र्यंबकचा अभिषेक, पाच ठिकाणांची दर्शनं, सगळं ठरवलेलं. दुसऱ्या दिवशी रात्री मला म्हणाल्या, ‘ताई, मला फक्त गंगेत दिवा सोडायचा होता. बाकी हे सगळं पोरांचं चाललंय.’ तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गोदाघाटावर द्रोणात वात लावून दिवा सोडला. अर्धा तास लागला. त्यानंतर त्या बसमधून उतरायलाही मागेनात, खिडकीतून हात जोडायच्या आणि समाधानाने बसून राहायच्या.

आता तारखा. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६चं आणि ध्वज उतरणार २४ जुलै २०२८ला, म्हणजे हा सगळा काळ सिंहस्थाचाच. त्यात मुख्य अमृतस्नानं तीन, ज्यांना आपण शाहीस्नान म्हणत आलो : २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट, आणि तिसरं नाशिकला ११ सप्टेंबर व त्र्यंबकला १२ सप्टेंबर २०२७. नाशिकला रामकुंडावर वैष्णव आखाडे (साधूंचे गट), त्र्यंबकला कुशावर्त कुंडावर शैव आखाडे. दोन्हींत साधारण तीस किलोमीटरचं अंतर आहे. एकाच दिवशी दोन्हीकडे जायचं मनातही आणू नका.

या तिन्ही तारखा आपल्या घरच्या पंचांगात ठेवून बघा. २ ऑगस्टला सोमवती अमावास्या आहे, म्हणजे एरवीही नदीकाठी गर्दीचा दिवस. शिवाय त्याच दिवशी सूर्यग्रहण आहे, आपल्याकडे ते दुपारनंतर खंडग्रास दिसेल. ही गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटली. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात, म्हणजे पहाटेपासूनच. आई वेध पाळणाऱ्या असतील, आणि तुमच्या लिहिण्यावरून त्या पाळतच असणार, तर त्या दिवशी शुगरची गोळी घेऊन उपाशी राहतील, किंवा जेवायचं नाही म्हणून गोळीही टाळतील. दोन्ही वाईट. गोळी घेऊन पोट रिकामं राहिलं तर शुगर एकदम उतरू शकते : घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं तुटक होतं. भर गर्दीत ते आजूबाजूच्यांना थकवाच वाटतं. आपल्या पंचांगांतच म्हातारी माणसं, आजारी माणसं आणि लेकरं यांना वेधात सूट दिलेली असते. आईंना ते पंचांग उघडून दाखवा. मुलाने ‘काही होत नाही, खा’ म्हटलं तर त्या ऐकणार नाहीत, पंचांगातलं ऐकतील. आणि ग्रहण सुटल्यावर स्नानाला पुन्हा माणसं उतरणार, म्हणजे ‘सकाळची गर्दी ओसरली की संध्याकाळी जाऊ’ हा नेहमीचा उपाय त्या दिवशी चालेलच असं नाही.

३१ ऑगस्टला श्रावण अमावास्या, म्हणजे पोळा. अण्णांच्या दावणीला बैल असतील तर ते पोळ्याला गाव सोडणार नाहीत, आणि सोडायला लावूही नका. ११ सप्टेंबरला भाद्रपदातली एकादशी. महालक्ष्म्या नुकत्याच उठलेल्या असतील, आई त्या चार दिवसांच्या स्वयंपाकाने आधीच थकलेल्या असतील, आणि एकादशीचा उपवास आहेच. शुगरच्या माणसाला उपवासाची अडचण ग्रहणासारखीच.

त्या दिवसांची व्यवस्था कशी असते, तेही डोळ्यांसमोर आणा. गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळावर थांबवतात. तिथून एसटीच्या बसने आत, आणि बस सोडते तिथून पुढे पायी, बॅरिकेडमधून, वळणावळणाने. जाण्याची वाट वेगळी, परतीची वेगळी, म्हणून जिथे चप्पल सोडली तिथे परत येता येत नाही. आधी आखाड्यांचं स्नान, तोवर बाकीच्यांना थांबवून ठेवतात. नेमके रस्ते आणि वेळा प्रशासन त्या-त्या वेळी जाहीर करतं, आणि पावसावर नि गर्दीवर ऐनवेळी बदलतंही. तरुण माणसाला यातलं काही जड नाही. काठी टेकणाऱ्या माणसाला उभं राहणं हे चालण्यापेक्षा जड जातं, आणि त्या दिवशी चालण्यापेक्षा उभंच जास्त राहावं लागतं.

आणि गर्दीबद्दल उगाच घाबरवत नाही, पण लपवतही नाही. २७ ऑगस्ट २००३ला नाशिकमध्येच रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसं गेली. २९ जानेवारी २०२५ला प्रयागराजला मौनी अमावास्येच्या पहाटे सरकारी आकड्यानुसार ३० गेली. मोकळ्या मैदानातली गर्दी सहसा एवढी घातक नसते. वाट अरुंद झाली, उतार लागला, किंवा समोरून येणारे आणि मागून ढकलणारे एका जागी भिडले, की तिथे श्वास कोंडतो. पंचवटीत नदीकडे जाणाऱ्या जुन्या गल्ल्या उतरत्या आणि अरुंदच आहेत. त्यामुळे जायचंच झालं तर रुंद रस्त्याने जायचं, जवळच्या गल्लीने कधीच नाही. आपण पाय न उचलताच पुढे सरकतोय असं वाटलं किंवा हात छातीपर्यंत उचलता येईना, तर पुढे काय आहे ते बघायला थांबायचं नाही. हात छातीसमोर आडवे धरून, प्रवाहाच्या उलट न जाता, तिरकं तिरकं कडेला निघायचं. चप्पल, काठी, पिशवी, काहीही पडलं तरी वाकायचं नाही. हे अण्णांना घरी सांगून ठेवा. काठी पडली की ते वाकणारच, कारण काठी हाच त्यांचा आधार. म्हणून काठीला दोरी लावून मनगटात अडकवा.

एवढं सगळं धरून माझं मत असं : २ ऑगस्टला त्यांना नाशिकला नेऊ नका. त्या दिवशी सकाळी अण्णांना गंगाखेडच्या घाटावर न्या. नदीला पाणी जास्त असेल तर आत उतरवू नका, पायरीवर बसवून तांब्याने डोक्यावर घाला. सोमवतीचं, सिंहस्थाचं, गंगेचं स्नान त्या तिथीला झालं. मग नाशिक वेगळ्या दिवशी. तिथी गंगाखेडला आणि क्षेत्र नाशिकला. असं दोन भागांत मांडलं की बरेच हट्टी वडील ऐकतात, कारण त्यांचं काही कमी केलं जात नाही, उलट एक स्नान वाढतं.

नाशिकसाठी १०, ११, १२ ऑगस्ट म्हणजे मंगळवार ते गुरुवार बघा, किंवा पौर्णिमा उलटल्यावर १८ ते २० ऑगस्ट. श्रावणी सोमवार टाळाच. त्र्यंबकला त्या दिवशी एरवीच्या वर्षीही पाय ठेवायला जागा नसते, आणि तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला माणसं लोटतात. १५ ऑगस्टच्या आसपासची सुट्टीही नको. पण ऑगस्ट म्हणजे पाऊस. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाघाट पाण्याखाली जातो. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलंय, त्यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. तसं झालं तर नदीवर जाऊ देत नाहीत आणि जायचंही नाही. पावसाची भीती वाटत असेल तर सोयाबीन काढून झाल्यावर, दिवाळीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जा. नदी शांत, घाट कोरडा, हवा बरी. अण्णांच्या वयाला मला खरं तर हाच काळ योग्य वाटतो. ध्वज तेव्हाही उभाच असतो.

आता दुसरा प्रश्न : एकट्याला झेपेल का? नाही. गर्दीचा दिवस नसला तरी नाही. दोन म्हातारी माणसं आणि एक तरुण, हा हिशोब पहिल्याच बाथरूमपाशी मोडतो. आई बायकांच्या रांगेत गेल्या की त्यांच्यासोबत आत कोण? अण्णांना तेव्हाच जायचं असेल तर? माणशी एक माणूस हवाच, आणि त्यातली एक बाई हवी. बहीण, बायको, मामेबहीण, कुणीही. कुणीच नसेल तर शेजारच्या गावातलं असंच एखादं कुटुंब जोडून घ्या.

बाथरूमचा विषय काढलाच आहे तर जरा थांबून सांगते, कारण तो कुणीच काढत नाही. आपल्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. लाज वाटते, जागा घाण असते, कुणाला थांबवायचं जिवावर येतं. एकदा एका काकूंना नाशिकरोडला उतरल्यावर फलाटावरच चक्कर आली. त्यांच्या पिशवीत मी सकाळी दिलेली पाण्याची बाटली होती, सील तसंच. बीपीची लघवी होणारी गोळीही त्यांनी दोन दिवस मुद्दाम घेतली नव्हती. विचारलं तर म्हणाल्या, ‘तेवढ्यासाठी कुणाला थांबवायचं?’ म्हणून बाटली दिली की काम झालं असं समजू नका, बाटली उतरतेय का ते बघा. गोळीची वेळ पुढे-मागे करता येते का, हे डॉक्टरांना आधी विचारा, स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. दर दोन तासांनी ‘चला, सगळेच जाऊ’ म्हणून उठा. ‘आई, जायचंय का?’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही’ येतं. मोठ्या माणसांचे डायपर हल्ली कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतात. ते लेकीने किंवा सुनेने आईंच्या हातात ठेवावेत, आधी घरी एकदा वापरून बघायला सांगावेत. आणि हे फक्त बायकांचं नाही. अण्णांच्या वयाच्या पुरुषांना प्रोस्टेटमुळे वारंवार जावं लागतं आणि तेही तोंडातून शब्द काढत नाहीत.

मुक्काम घेताना खोलीत एसी आहे का, हे शेवटी विचारा. आधी विचारा : तळमजला आहे का, लिफ्ट चालू असते का, कमोड आहे का. गुडघे गेलेल्या माणसाला भारतीय संडास म्हणजे दिवसातून दोनदा यातना. कमोड नसेल तर घडीचं खुर्चीसारखं मिळतं ते सोबत न्या. बाथरूमच्या ओल्या फरशीसाठी एक रबरी मॅटही ठेवा.

प्रवास रेल्वेने करा. परभणीहून नाशिकरोडला थेट गाड्या आहेत. तपोवन दिवसाची, देवगिरी आणि नंदीग्राम रात्रीच्या. गाडीत उठून पाय मोकळे करता येतात, बाथरूम हाताशी असतं, कारमध्ये सात-आठ तास गुडघे दुमडून बसावं लागत नाही. आरक्षण करताना ज्येष्ठांच्या कोट्यातून खालचा बर्थ मागा. तिकिटातली ज्येष्ठांची सवलत रेल्वेने २०२०पासून बंद केलीय, ती धरून चालू नका. एसटीत मात्र दोघांनाही अर्धं तिकीट आहे, आधार कार्ड जवळ ठेवा. नाशिकरोडपासून पंचवटी साधारण दहा किलोमीटर, रिक्षा-टॅक्सी मिळते.

रामकुंडावर पोचल्यावरचं सांगते. पहाटेची घाई करू नका. उजाडून, चहा-नाश्ता होऊन, गोळ्या घेऊन मग जा. पायऱ्यांना शेवाळ असतं आणि ते ओल्या दगडावर दिसत नाही. आईंना शुगर असल्याने अनवाणी चालणं शक्य तितकं टाळा, तळव्याला काही टोचलं तरी त्यांना कळेलच असं नाही. मागे पट्टा असलेली रबरी चप्पल शेवटच्या पायरीपर्यंत राहू द्या. आई नऊवारी नेसत असतील तर पाण्यात ते लुगडं जड होतं आणि चढताना पायात गुंततं, तेव्हा पडतात त्या उतरताना नाही, चढताना. दोघांनाही पायरीवर बसवा, पाय पाण्यात, तुम्ही एक पायरी खाली त्यांच्याकडे तोंड करून उभे राहा आणि तांब्याने पाणी घाला. मी माझ्या मंडळींना असंच स्नान घालते. अण्णांना तीन बुड्या मारायच्याच असतील तर कमरेएवढ्या पाण्यापलीकडे नाही, आणि एक हात कायम तुमच्या हातात. बाहेर आल्यावर लगेच कोरडं करा. चार बायका साडी धरून आडोसा करतात, तेवढ्यात कपडे बदलून होतात. रात्री झोपताना आईंचे दोन्ही तळवे उजेडात बघा.

चुकामूक होते ती गर्दी फार असते म्हणून नाही, दोघंही एकमेकांना शोधायला निघतात म्हणून. ठरवून टाका : आई-अण्णा चुकले तर त्यांनी जागच्या जागी, कडेला, एखाद्या दुकानाच्या पायरीवर बसून राहायचं. शोधायचं काम फक्त तुमचं. फोनवर भिस्त ठेवू नका, गर्दीत लागत नाही आणि त्यांना ऐकूही येत नाही. दोघांच्याही अंगावरच्या कपड्यात, आईंच्या ब्लाउजच्या आतल्या खिशात आणि अण्णांच्या बंडीत, प्लास्टिकमध्ये घातलेला कागद ठेवा : नाव, गाव, तालुका, दोन फोन नंबर, मुक्कामाचं ठिकाण, कोणत्या गोळ्या चालू आहेत. पिशवीत ठेवू नका, पिशवी आधी हरवते. रोज सकाळी निघताना दोघांचा उभा फोटो काढा. हरवल्यावर पोलीस विचारतात ‘साडी कोणत्या रंगाची?’ आणि भल्याभल्यांना आठवत नाही. आईंचं सोनं घरी राहू द्या, गळ्यात साधी पोत पुरे. पैसे सगळ्यांत वाटून ठेवा. गोळ्या दुप्पट न्या आणि दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा. खडीसाखर किंवा ग्लुकोज तुमच्याही खिशात आणि आईंच्याही.

तयारी घरी करता येईल अशी एकच : चालणं. निघण्याच्या दीड-दोन महिने आधीपासून दोघांना रोज, सोसेल तसं, वाढवत वाढवत चालू द्या. सलग दोन-तीन किलोमीटर, मध्ये बसत का होईना, त्यांना गावात जमत नसेल तर नाशिकला जमणार नाही. मग व्हीलचेअरचा विचार आत्ताच करा आणि अण्णांच्या कानावर घाला, ऐनवेळी खुर्ची पुढे केली तर त्यांना अपमान वाटतो. एकदा दोघांना डॉक्टरांकडे नेऊन आणा : बीपी, शुगर, छातीची पट्टी (ईसीजी), आणि ‘एवढं चालायचं आहे, एवढा वेळ उभं राहायचं आहे’ असं स्पष्ट सांगून विचारा. नुसतं ‘यात्रेला जायचंय’ म्हटलं तर डॉक्टरही ‘जा की’ म्हणतात.

आणि एवढं करूनही अण्णा २ ऑगस्टवर अडून बसले, तर? होतं असं. मग निदान दोन दिवस आधी नाशिकात पोचा, नदीपासून दूर पण शहरातच मुक्काम करा, स्नानाच्या दिवशी सकाळी त्यांना सुरक्षित ठिकाणाहून मिरवणूक दाखवा. रामकुंडाचा आग्रह सोडा. त्या दिवशी प्रशासन ज्या दुसऱ्या घाटांवर भाविकांना सोडेल, तिथे तांब्याने स्नान. पण निघण्याआधी घरात, देवासमोर, अण्णांकडून एक शब्द घ्या : ‘तू म्हणशील तिथून मागे फिरेन.’ हा शब्द गर्दीत मागितला तर मिळत नाही. घरी दिलेला असेल तर त्यांच्या पिढीची माणसं तो मोडत नाहीत, हे मी अनेकदा पाहिलंय. रस्त्यावर अण्णांनी कुरकुर केली तरी तेवढं एक वाक्य आठवण करून दिलं की पुरतं.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे ऑगस्टसाठी जूनच्या आत तारीख पक्की हवी. दिवाळीनंतर गेलात तर घाई नाही, पण सुट्टीवरून परतणाऱ्यांची गर्दी धरून वेळेवर काढा. आईंशी बोलणं झालं की त्या काय म्हणाल्या ते इथे लिहा. त्यांना त्र्यंबकला जायचं असेल तर तिथली रांग आणि कुशावर्ताच्या पायऱ्या यांची व्यवस्था वेगळी करावी लागेल, ती मग सांगते.